शेर्पाचे मडगार्ड
मोटारसायकलस्वार सॅमी मिलरने १९६५ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा जिंकली ती बुल्टाको शेर्पा या मोटारसायकलवर. त्या घराण्यातल्या जुन्या गाडीला नवे मडगार्ड बसवायचे तर मी अ‍ॅल्युमिनियमचेच बसवीन. प्लॅस्टिकचे स्वस्त पडते, गाडी आपटली तरी वाकून पुन्हा सरळ होते, हे खरे. पण त्या गाडीला ते शोभत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र बोल्टच्या भोकापाशी हादऱ्यांनी तडकते, म्हणून भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात, रुंद वॉशर लावावा, खाली रबर द्यावे. टायर आणि मडगार्डमधली फट तर सगळ्यात महत्त्वाची. ती कमी पडली की चिखल कोंबला जाऊन चाकच अडते. मागचे शॉकअप काढून, चाक पार वरपर्यंत उचलून पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.