दुकानदाराचा हात कायद्यानें किती मोकळा आहे?

मोलगीसारख्या सातपुड्यांतील बाजारगांवीं किराण्याचें वा धान्याचें दुकान चालविणाऱ्या गृहस्थास, ‘रात्रीं कोणी फळ्या उचकटून आंत शिरला तर आपण काय कराल?’ असा प्रश्न केला, तर बहुधा दोहोंपैकीं एक उत्तर मिळतें. एक म्हणतो, ‘हात उचलला तर उलट आपल्यावरच खटला, नेतो तें नेऊं द्यावें.’ दुसरा म्हणतो, ‘सांपडूं तर द्या, जिता सोडणार नाहीं.’ पहिला असलेला हक्क सांडतो आणि दुसरा नसलेला हक्क बळकावतो. कायद्याचें पुस्तक दोघांनींही उघडलेलें नसतें.

तें उघडून पाहिलें तर दुकानदारास वाटतें त्याहून पुष्कळच अधिक तेथें दिलेलें आढळतें. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. परंतु जुन्या ९६ ते १०६ या कलमांचाच आशय नव्या ३४ ते ४४ या कलमांत उतरला आहे. चोरी, जबरी चोरी, नासधूस व अतिक्रमण यांपासून आपल्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्याही मालाचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं होणारी घरफोडी, माल सांठविलेल्या इमारतीस लावलेली आग, किंवा जींत जिवाची वा जबर दुखापतीची वाजवी धास्ती वाटावी अशी चोरी, एवढ्या प्रसंगीं तर मर्यादेंत राहून केलेल्या प्रतिकारांत हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा होत नाहीं. नुसत्या चोरीसाठीं मात्र जीव घेण्याची मुभा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत स्पष्ट केलें आहे कीं, अंगावर हल्ला आला असतां माणसानें आपला प्रतिकार पायरीपायरीनें मोजून मापून करावा, ही अपेक्षाच अवास्तव होय. गूळ तोलावा तसा मार तोलतां येत नाहीं, हें न्यायाधीशांसही कळतें.

या हक्काचा इतिहासही जाणण्याजोगा आहे. १८३७ सालीं मेकॉलेच्या मंडळानें दंडविधानाचा मसुदा तयार केला, तेव्हां या देशांतील लोक दरोडेखोरांचा जुलूम निमूटपणें सोसतात, याचीच त्यांस चिंता वाटली होती. लोकांच्या अंगीं प्रतिकाराची वृत्ति यावी म्हणून हा हक्क त्यांनीं सैल हातानें दिला. पुढें त्याच राज्यकर्त्यांनीं १८७८ च्या शस्त्रकायद्यानें आमचीं हत्यारें काढून घेतलीं! एका कायद्यानें हात सोडावयाचा व दुसऱ्यानें बांधावयाचा, हा न्याय त्यांनाच शोभला. स्वराज्यांत १९५९ सालीं नवा शस्त्रकायदा झाला, तरी परवान्याची अट राहिलीच. ती राहावी असेंच आमचें मत आहे. कारण पुढें येईल.

हक्क मोठा खरा, पण त्याचें आयुष्य घटकाभराचें. घरफोड्या आंत आहे तोंवर, चोर माल घेऊन निसटला नाहीं तोंवर, किंवा पोलिसांची मदत पोंचली नाहीं तोंवर, एवढेंच तें. शिवाय सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तेथें हा हक्क मुळीं उत्पन्नच होत नाहीं. मोलगींत पोलीस ठाणें आहे. डोंगरावरील पाड्यांत एकटें दुकान मांडून बसलेल्यास हांकेला ओ देणारा कोणी नाहीं. म्हणून तीच काठी एके ठिकाणीं कायदेशीर व दुसरे ठिकाणीं बेकायदा ठरूं शकते. परंतु चोर खालीं पडला, त्याचे हात बांधले, त्याला खांबाशीं जखडलें, कीं त्यानंतरचा एकेक तडाखा हा सर्वत्र गुन्हाच. तेथें बचाव संपला आणि शिक्षा सुरू झाली. शिक्षेचा अधिकार न्यायासनाचा आहे, पेढीचा नव्हे.

जमावास हा भेद कळत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं शेजारच्या धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. तेथें ना चोरी झाली होती, ना चोर आला होता.

आम्हांस त्याहूनही अधिक सलते ती पाटीलवाडीची हकीकत. ती खुद्द शहादे तालुक्यांतील, नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा होण्याच्या २७ वर्षें आधींची, १९७१ च्या मे महिन्यांतील. धान्य लुटावयास आले, असें जमीनमालकांचें म्हणणें. पोटासाठीं धान्य मागावयास गेलों होतों, असें आदिवासींचें. गोळी सुटली आणि एका आदिवासीचा प्राण गेला. येथें कायद्याच्या अभ्यासकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा: ‘लूट’ हा शब्द प्रथम कोणीं उच्चारला? ज्याच्या हातीं बंदूक होती त्यानेंच! फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी एकाच माणसांत एकवटले, म्हणजे स्वसंरक्षण हें नांव कशालाही देतां येतें. परवाना सहजासहजीं मिळूं नये असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं. त्या गोळीनें मालकांचेंही रक्षण झालें नाहीं. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागें आदिवासी एकवटले, १९७२ सालीं श्रमिक संघटना उभी राहिली, आणि हातच्या गेलेल्या जमिनींचे हिशेब मागितले जाऊं लागले. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगेखोर शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या खतांवर व वह्यांवर होता. ज्याच्या वहीवर गिऱ्हाइकाचा विश्वास नाहीं, त्याचें संरक्षण कोणत्याही कलमास अवघडच.

आतां व्यापारी मंडळींस व सरकारास दोन शब्द. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा करणाऱ्यास पकडण्याचा अधिकार नागरी सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमानें प्रत्येकास दिला आहे; मात्र त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही स्थितींत सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. व्यापाऱ्यांनीं हें कलम मराठींत व भिलींत लिहून बाजारांत लावावें. आणि पावसाळ्याच्या रात्रीं वरच्या पाड्यांतून सहा तासांत ठाण्यापर्यंत पोंचतां येतें काय, तें अधिकाऱ्यांनीं एकदां स्वतः चालून पाहावें.