मायबोलीच्या गप्पा : टिंबाएवढी गोष्ट



'डू नॉट'चं 'डोन्ट' झालं की वरचा स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे अल सद्दमधली आपली मुलं झोपेतही सांगतील. जिथला 'ओ' गळाला तिथे, म्हणजे 'एन' आणि 'टी'च्या मधे. अरबी शिकलेली मुलं तर टिंबांचेही पारखी. अक्षराखाली एक टिंब तो 'ब', वर दोन तो 'त'. 'सद्द'मधल्या 'स'वर तीन टिंबं दिली तर त्याचा 'श' होतो आणि पत्ताच बदलतो!

हीच मुलं आजीला फोनवर मराठीत निरोप लिहितात तेव्हा मात्र 'मी जेवण केल', 'दोन घर पाहिली' असं लिहून मोकळी होतात. घरातले मोठेही म्हणतात, 'एक टिंब राहिलं, त्यात काय एवढं?'

आम्ही म्हणतो, बरंच काही! ते टिंब म्हणजे मराठीचा 'वरचा स्वल्पविराम'च आहे. लेखी भाषेत आपण 'केले', 'माझे', 'घरे' लिहितो. बोलताना शेवटचा 'ए' जातो आणि तिथे लांबट 'अ' येतो. तो दाखवायला डोक्यावर अनुस्वार : केलं, माझं, घरं. हे टिंब काही आजचं नाही. पूर्वी 'केलें', 'माझें', 'घरें' असे मात्रा आणि अनुस्वार दोन्ही देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले, तेव्हा असे उच्चार न होणारे अनुस्वार गेले. पण बोलण्यातलं 'केलं' तसंच लिहायचं तर अनुस्वार द्यावा, हेही त्याच नियमांत आहे. गोव्याची कोकणी तर आजही 'केलें' लिहिते.

मग टिंब द्यायचं कुठे? सोपी युक्ती अशी. शब्द लेखी भाषेत म्हणून बघा. शेवटी 'ए' आला आणि बोलताना त्याचा 'अ' झाला, तरच टिंब. 'केळे खाल्ले'चं 'केळं खाल्लं' होतं. 'आंबे खाल्ले' आपण सहसा तसंच म्हणतो, तिथे टिंबाचं काम नाही. 'झाले आहे'चं 'झालंय' होताना टिंब टिकतं. 'आला आहे'चं 'आलाय' होताना ते येत नाही, कारण 'आला'मधे 'ए' नव्हताच.

आता त्यातली गंमत नव्हे, काळजीची गोष्ट. गावाकडच्या आईवडिलांची विचारपूस आपण इथून फोनवरच करतो. 'डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं' म्हणजे एक औषध. 'औषधं बंद करायला सांगितलं' म्हणजे सगळी! दोन्ही वाक्यांत फरक त्या एका टिंबाचा. ते गाळलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

तेव्हा पालकहो, मुलं चार ओळी मराठीत लिहितात याचं कौतुक आधी करा. चुकांवर लाल शाई फिरवू नका. फक्त एवढंच म्हणा, 'लिहिलंस ते मोठ्याने वाच बघू.' 'केल' वाचताना जीभ अडखळली की टिंब आपोआप आठवेल. 'केले' लिहा की 'केलं', दोन्ही आपलंच. 'केल' मात्र कुठलंच नाही.

पुढच्या अंकात भेटूच!