मुंबईला जाताना पिशवी रिकामी नेऊ नका

लोणी काळभोरच्या दुकानदाराला मुंबई अनोळखी नाही. पहाटे पुणे गाठायचे, सिंहगड किंवा डेक्कन क्वीन पकडायची, दिवसभर खरेदी करून रात्री घरी परतायचे, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा शिरस्ता होता. तो आता मोडत चालला आहे. तरुण मंडळी म्हणतात, मालाचा फोटो फोनवर येतो, पैसे फोनवरच जातात आणि माल ट्रान्सपोर्टने दारात येऊन पडतो. मग दिवस कशाला मोडायचा?

आमचे ग्रिल-गेटचे वर्कशॉप. मीही दोन-तीन वर्षे असेच केले. एकदा अठरा गेजचा माल सांगितला आणि आला वीस गेजचा. वेल्डिंगला बसलो तर पत्रा जळून भोके पडू लागली. पक्के बिल घेतलेले नव्हते, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? त्यात निम्मी चूक माझीच. शेवटी एका शुक्रवारी उठलो आणि मुंबई गाठली.

नागदेवी स्ट्रीटवर एका बोहरा दुकानदाराने एकाच बिजागरीचे तीन दर्जे समोर मांडले आणि हातात मोजमापाचे व्हर्नियर दिले. फोटोत तिन्ही सारख्याच दिसल्या असत्या. भावात मात्र जवळपास दुपटीचा फरक. एवढ्यानेच गाडीभाडे वसूल झाले.

जुम्म्याची नमाज जामा मशिदीत अदा केली. ही मशीद १८०२ मध्ये पुरी झाली. खाली पाण्याचा जुना हौद, वर मशीद. शेजारी झवेरी बाजार, पलीकडे मुंबादेवी. तिथून मशीद बंदरला चालत गेलो. हे नाव एखाद्या मशिदीवरून पडले असावे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बेने इस्रायल ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात. सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये बांधले. मराठी बोलणारा हा समाज कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट भरीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आठवड्यातला एक अख्खा दिवस बंद ठेवूनही त्यांची रोजी बुडाली नाही. जुम्म्याला तासभर शटर ओढायला कचरणाऱ्या आपल्या काही भावांनी हे ध्यानात घ्यावे.

या भागाने वाईट दिवसही पाहिले आहेत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत शहरातली कितीतरी दुकाने जळाली. १२ मार्च १९९३ रोजी काथा बाजार आणि झवेरी बाजारात स्फोट झाले. तरीही इथे मेमन, बोहरा, कच्छी, मारवाडी आजही एकमेकांना उधारीवर माल देतात. हा सगळा बंधुभावच आहे असे मी म्हणणार नाही. वायद्याला पैसे देणारा माणूस कोणालाच गमवायचा नसतो, इतका साधा हा मामला आहे. आपल्याकडे अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, नदाफ, शिकलगार अशी धंद्याची ओळख आडनावातच असते. तिथे माझे आडनाव कोणी विचारले नाही. माल काय, भाव काय आणि किती दिवसांत देणार, एवढेच विचारले.

आणि नेमका तिथेच मी अडलो. निघताना त्या दुकानदाराने फळीला लावायचे एक लोखंडी ब्रॅकेट पुढे केले. "असे करून देता का? डझनाचा भाव सांगा." करता सगळे येत होते, पण भाव सांगता येईना. गावात आपण काम अंगावर घेतो, गिऱ्हाईक घासाघीस करते, मधला आकडा ठरतो. एका नगाला लोखंड किती, वेल्डिंगची कांडी किती, कटिंगची चकती किती नगांत झिजते, वीज किती, पोराची मजुरी किती, हे मी वीस वर्षांत एकदाही कागदावर मांडले नव्हते. आणि स्वतःची मजुरी तर आपण कारागीर धरतच नाही. दाखवायला हातात नमुनाही नव्हता. मुंबईला आपण नेहमी गिऱ्हाईक म्हणूनच जातो, रिकामी पिशवी घेऊन.

मुंबईच्या रिफायनरीतले तेल नळाने लोणीच्या डेपोत येते आणि टँकर ते गावोगाव नेतात. माल मुंबईहून आपल्याकडे यायची वाट अशी पक्की बांधलेली आहे. लोणीचा माल मुंबईला जाण्याची वाट मात्र आपल्यालाच पाडावी लागेल. इथली जागा मुंबईपेक्षा स्वस्त, विद्यापीठामुळे आणि नव्या सोसायट्यांमुळे काम शिकलेली पोरेही हाताशी आहेत.

घरी येऊन हिशेब मांडला, भाव कळवला आणि पाच डझन ब्रॅकेट पाठवले. दोन डझन परत आले. भोकांमधले अंतर एकसारखे नव्हते. आता भोके पाडायला लोखंडी फर्मा करून घेतला आहे. पुढच्या आठवड्यात नवे नमुने घेऊन मी स्वतः जाणार आहे, आणि या वेळी पोरालाही सोबत नेणार आहे.