पाठलाग त्याचा, शाळा सुटली हिची!

नववीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. फोन केला तर आई म्हणाली, "सर, रस्त्यात एक पोरगा रोज मागे येतो. म्हणून आम्हीच तिला घरी बसवलंय." चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला?

पालकहो, "वयच तसं असतं" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही पुरुषाने तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा ठरल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. मुलगी अठराच्या आतली आणि हेतू लैंगिक असेल तर पोक्सोही लागतो.

कायदा स्पष्ट नापसंतीबद्दल बोलतो आणि आपण मुलींना शिकवतो, "खाली मान घालून चाल." माझ्या मते इथेच आपलं चुकतं. तिला ठामपणे 'नाही' म्हणू द्या. मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून ठेवा. गरज पडली तर ११२ किंवा १०९८ वर फोन करा.

आणि शिक्षकांनो, मुलांनाही वर्गात सांगूया, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मुलीला घरी बसवलं तर तो पोरगा उद्या दुसरीच्या मागे जाईल.