आगबोटीतली आग कोणाची?

दिवाळीच्या झाडलोटीत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात आणि तेव्हा कुठे घरातल्या माणसांचे त्यांच्याकडे लक्ष जाते. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधी कासारवाडीला एका स्नेह्यांकडे गेलो, तर अशीच एक तसबीर भिंतीला टेकून ठेवलेली. खवळलेला करडा समुद्र, एकामागून एक चाललेल्या आगबोटी, मध्येच उसळलेला पाण्याचा लोट आणि धुराड्यांतून आभाळभर पसरलेला काळाभोर धूर. दुसऱ्या महायुद्धातल्या ताफ्याच्या एका विलायती चित्राची ती छापील प्रत होती.

सर्वांनी चित्र वाखाणले. यजमानांची हयात कारखान्यात बॉयलरवर गेलेली. ते चष्मा पुसून म्हणाले, "एवढा काळा धूर म्हणजे भट्टीत कोळसा नीट जळत नाही. आमच्या पाळीला असा धूर निघाला असता तर साहेबांनी तिथल्या तिथे झाडले असते."

त्यांचे मेहुणे कलेचे जाणकार. ते हसून म्हणाले, "दाजी, चित्र असे पाहायचे नसते. रंग पाहा, लाटांची लय पाहा. धूर कोणी केला याच्याशी कलेला काय कर्तव्य?"

वाचकहो, या एका प्रश्नासाठी मी लेखणी उचलली आहे. कर्तव्य आहे, असे माझे म्हणणे आहे. इतकेच नव्हे, तर त्या दिवशी ते चित्र खऱ्या अर्थाने एकट्या दाजींनीच पाहिले, असेही माझे म्हणणे आहे.

युद्धकाळात ताफ्यातल्या बोटींना धूर न करण्याची ताकीद असे. क्षितिजापलीकडची बोट दिसत नाही, पण तिचा धूर दिसतो, आणि पाणबुडीला तेवढी खूण पुरे होते. म्हणून भट्टीपुढचा आगवाला कोळसा बेताने, पातळ पसरून टाकी आणि हवेवर नजर ठेवी. ज्या धुराला आपण चित्राची शोभा म्हणतो, ती बोटीवरच्या माणसांची धास्ती होती! आणि हा आगवाला उभा असे कुठे? पाण्याच्या पातळीखाली. पाणतीर आदळे तो बहुधा तिथेच. वर पळायला लोखंडी शिडी, आणि वेळ काही क्षणांचा.

ही माणसे कोण होती? युद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी बोटींवरील खलाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानी होता. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरी आणि कच्छकडचे लोक, भट्ट्यांपाशी पुष्कळदा पंजाब-सरहद्दीकडचे, भटारखान्यात गोमंतकीय. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची नावे मृतांच्या नोंदवहीत आहेत. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आपल्यापैकी किती जण तिथे गेले आहेत?

कोणी म्हणेल, चित्रकाराने बोटीचे पोट फाडून दाखवायचे की काय? चित्रकारांशी माझे वैर नाही. नॉर्मन विल्किन्सन या इंग्रज चित्रकाराने १९१७ साली बोटींवर वेडेवाकडे पट्टे रंगवून पाणबुडीला बोटीची दिशा नेमकी कळू न देण्याची युक्ती काढली. माणसे वाचवू पाहणाऱ्या त्या कुंचल्याला माझा नमस्कार. त्याच विल्किन्सनने दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढ्याची ५४ चित्रे काढून राष्ट्राला दिली. पण जे बाहेरून दिसते तेवढेच रंगवावे, हा काही कलेचा नियम नव्हे. त्याच युद्धात, १९४० ते १९४६ या काळात, स्टॅन्ले स्पेन्सरने पोर्ट ग्लासगोच्या गोदीत बसून जहाजबांधणीची चित्रमालिका केली. तीत वेल्डर आहेत, रिव्हेट ठोकणारे आहेत, भट्टीपुढचे कामगार आहेत. माणसेच चित्रभर आहेत. तेव्हा आगवाल्याचे चित्र निघू शकत नाही, ही सबब चालणार नाही. ते काढावे असे फारसे कोणाला वाटले नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. ते युद्ध इंग्रजांचे होते, ही माणसे पोटासाठी गेली, त्यांचे गोडवे कशाला? होय, पोटासाठीच गेली. कारखान्यात पाळीला जाणारा तरी कशासाठी जातो? पण ती लाचार नव्हती. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी विलायतेच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले आणि कित्येक जण तुरुंगातही गेले. आणि पाणतीर काही राजकारण विचारून येत नसे. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेली 'तिलावा' जपानी पाणबुडीने बुडविली, तेव्हा २८० जीव गेले. ते जीव इंग्रजांचे होते काय?

आता त्या तसबिरीचे राहिलेले सांगतो. यजमानांचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. १९४२ साली गेले ते परत आले नाहीत. त्यांचा फोटो घरात नव्हता, म्हणून वडिलांनी जुन्या बाजारातून हे चित्र आणून लावले. सर्वपित्रीला हार चढतो तो या चित्राला. हे मला त्या दिवशी कळले. त्या घरी माझे वर्षानुवर्षे जाणे-येणे; 'ही बोट कोणती?' असे मी कितीदा तरी विचारले असेल. आजोबांचे नाव एकदाही विचारले नव्हते. तेव्हा मेहुण्यांना बोल लावताना मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

माझे मागणे मोठे नाही. अशी चित्रे काढून टाका, असे मी म्हणत नाही. ती सुंदर आहेत आणि भिंतीवर राहावीत. पण घरात कोणी असा गेलेला असेल तर त्याचे नाव चित्राखाली लिहा. नसेल, तर मुलांना एवढे तरी सांगा की आगबोट वाऱ्यावर चालत नाही, तिच्या पोटात कोणीतरी कोळसा टाकीत असतो. आणि आमच्या चित्रकारांनी एकदा तरी त्या लोखंडी शिडीने खाली उतरावे.

कासारवाडीची ती तसबीर धनत्रयोदशीला पुन्हा भिंतीवर गेली. त्याआधी यजमानांनी नातवाकडून तिच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर आजोबांचे नाव आणि गाव लिहून घेतले. "चित्र बिघडले," असे मेहुणे म्हणाले म्हणतात. माझ्या मते ते त्या दिवशी पुरे झाले.