ढोल आहे, उस्ताद कोठें आहे?

पुण्याच्या ढोलाचें प्रकरण दिल्लीपर्यंत गेलें आणि ढोल जिंकून आला. एका पथकांत तीसांहून अधिक माणसें असूं नयेत, असें बंधन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०२४ च्या ऑगस्टमध्यें घातलें होतें; गणेशोत्सव चालू असतांनाच, १२ सप्टेंबर २०२४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. शहरांत आनंदीआनंद झाला. परंपरा वांचली, असें जो तो म्हणूं लागला. आम्हांस मात्र या आनंदांत एक आडवा प्रश्न विचारावासा वाटतो. जी वांचली म्हणतां ती परंपरा कोणती? तीसांचे तीनशें होणें, हीच का ती?

आम्ही ढोलाचे शत्रु नव्हों, हें आधींच सांगून ठेवतों. आवाजाचा त्रास खरा आहे, आणि ज्या घरांत आजारी माणूस अंथरुणाला खिळलेलें आहे त्या घराची तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. परंतु तिचा निवाडा कायद्यानें करावा. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती ढोल बंद करूं पाहणाऱ्यांविरुद्ध नसून ढोलाच्या कैवाऱ्यांविरुद्ध आहे.

गेल्या शतकांत विसर्जनाच्या मिरवणुकीला ढोल येत तो मावळ-मुळशीकडून. भाताची लावणी उरकली कीं खेडुतांचे ताफे शहरांत उतरत, आणि सुशिक्षित पुणेकर सज्जांत उभा राहून ते पाही. पुढें १९६२ सालीं स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनें आपल्या विद्यार्थ्यांच्या कमरेला ढोल बांधला. मागोमाग इतर शाळांचीं, माजी विद्यार्थ्यांचीं व पेठांचीं पथकें निघालीं. त्यांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. सज्जांतला पुणेकर रस्त्यावर उतरला. मुली खांद्यास खांदा लावून मिरवणुकींत वाजवूं लागल्या. पावसाळ्यांतल्या संध्याकाळीं नदीपात्रांत सरावाला जमणारीं तीं मुलें पाहिलीं म्हणजे तरुण पिढी आळशी आहे असें म्हणण्याची छाती होत नाहीं.

पण उत्साह निराळा आणि जतन निराळें. याच पुण्यानें एकदां एक कला दुसऱ्याच्या घरांतून आपल्या घरांत आणली होती. ती कशी आणली हें आठवावें. भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं पुण्यांत गायनसंस्था काढली. तिलाच आज आपण भारत गायन समाज म्हणतों. परंतु मध्यमवर्गाच्या मुलांस ख्याल शिकविण्यापूर्वीं बुवांनीं स्वतः काय केलें? बडोद्याचे फैज महंमदखां, आग्रा घराण्याचे नत्थनखां आणि पुढें अल्लादियाखां यांच्या पायांशीं बसून त्यांनीं वर्षानुवर्षें विद्या घेतली, आणि ती कोणाची हें कधीं लपविलें नाहीं. आजहि गवयाचें नांव निघालें कीं त्याच्या गुरूचें निघतें. आतां कोणत्याहि ढोलपथकास विचारा, तुमचा गुरु कोण? बहुतेक ठिकाणीं उत्तर येईल, गेल्या वर्षीचा वादक. आणि त्याचा गुरु? त्याच्या मागल्या वर्षीचा. ही साखळी मागें नेत गेलें तर ती शहराच्या वेशीपाशींच तुटते.

याचा परिणाम कानाला कळतो. वादनाच्या ठराविक बांधणीला पथकांत 'हात' म्हणतात. एक हात झाला कीं दुसरा सुरू होतो. आज चार पथकें एकामागून एक ऐका. हात तेच, चाल तीच, वेग तेवढा चढता. ताशा हा वास्तविक या वाद्यमेळाचा बोलका पुढारी. त्याच्या दोन काड्यांच्या बोलांवर ढोलानें चालावें. पण ढोल शेंकड्यांनीं वाढले कीं त्या काड्या ऐकूं कोणाला येणार? ढोलाचें पान पूर्वीं कातड्याचें असे. तें पावसाळी हवेंत सैल पडे व शेकावें लागे. आज तें बहुधा प्लॅस्टिकचें असतें. सोय झाली याबद्दल दुःख नाहीं. पण कातड्याबरोबर त्याचा खर्जहि गेला, याची खंत कोणाच्या तोंडून ऐकूं येत नाहीं.

यावर ठरलेला जबाब असा कीं, परंपरा बदलतच असते. कबूल. युक्रेनमधून १८९१ पासून शेतकरी कुटुंबें कॅनडांत जाऊन वसलीं. १९२५ च्या अखेरीस वासिल आव्रामेंको हा नर्तक तेथें पोंचला, आणि वस्त्यांच्या सभागृहांतून त्यानें त्यांच्या मुलांस मायदेशींचे नाच शिकविले. अंगणांतला नाच रंगभूमीवर चढतांना पुष्कळ बदलला. परंतु त्या मुलांस विचारायला जावें असें गांव जवळ नव्हतें. मध्यें समुद्र होता. पुण्याच्या ढोलाचें गांव पुण्याच्या वेशीला लागून आहे! समुद्र ओलांडावयास नको, पौडची एस. टी. धरली तरी पुरे. तेवढेंहि आपण न करावें आणि परंपरारक्षक म्हणून फेटे बांधून मिरवावें, याला बदल म्हणत नाहींत. याला परस्पर उचलणें म्हणतात.

मग करावें काय? पथकें मोडूं नयेत. त्यांनीं विद्यार्थी व्हावें. सरावाच्या दोन महिन्यांत प्रत्येक पथकानें खेड्यांतला एक जुना वादक मानानें व पुरत्या मोबदल्यानें गुरु म्हणून बोलवावा. त्याच्या गांवचे हात मुद्रित करून ठेवावे, आणि त्यांवर त्याच्या गांवचें नांव घालावें. मंडळांनीं शहरी पथकास जी सुपारी देतां तीच खेड्यांतल्या ताफ्यास द्यावी, व मिरवणुकींत त्याला जागा द्यावी ती शेवटची नव्हे. एवढें झालें तर ढोलांची संख्या तीस असो वा तीनशें, आम्ही तक्रार करणार नाहीं.

न्यायालयानें ढोल वाजविण्याची मोकळीक दिली. तो वाजवावा कसा, हें न्यायालय शिकवीत नसतें. शिकविणारे म्हातारे होत चालले आहेत. आणि त्यांच्या बाबतींत कोणतेंहि न्यायालय काळाला स्थगिती देऊं शकत नाहीं.