शंभर टक्क्यांतून वजा झालेली पोरं

मे महिना आला की नाशकात दोन गोष्टींचा सुकाळ होतो. एक आंबे, दुसरे फ्लेक्स. कॉलेज रोडपासून द्वारकेपर्यंत आणि तिथून पुढं नाशिकरोडपर्यंत खांबाखांबावर पोरापोरींचे फोटो, फोटोखाली टक्के, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरात एकच ओळ : शंभर टक्के निकालाची परंपरा कायम. कोपऱ्यात संस्थाचालक हात जोडून उभे. निवडणुकीला उभे राहिल्यासारखे.

ज्या पोरांचे फोटो तिथं आहेत त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी अभ्यास केला, त्यांना मार्क पडले. मला प्रश्न त्या ‘शंभर’ला विचारायचा आहे. शंभर म्हणजे कुणापैकी शंभर?

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझी बहीण फुलेनगरात राहते, चार घरची धुणीभांडी करते. तिचं पोरगं नववीत. मार्चअखेर तिला शाळेतून निरोप आला, येऊन भेटा. गेली बिचारी, एका घरचं काम बुडवून. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, “ताई, पोरगा गुणी आहे हो, पण गणित-इंग्रजीत फार कच्चा. दहावीला आमच्याकडून बसला तर त्याचंही वर्ष जाईल आणि शाळेचा निकालही खाली येईल. आम्ही त्याला नववी पास करतो. तुम्ही दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून परीक्षा देता येते.” बहीण संध्याकाळी माझ्याकडं आली ती जवळजवळ खुशीत. “दादा, सर लई चांगले बोलले रे. नापास नाही करत म्हणले.”

दोस्तहो, हे ‘चांगलं बोलणं’ नीट समजून घ्या. आपल्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवरून हाकलताना निदान शिवी तरी द्यायचे. शिवी ऐकली की माणूस चिडतो, लढतो. इथं खुर्ची मिळते, पाणी मिळतं, आणि पोराचं नाव हजेरीपटावरून अलगद निघून जातं. आई आभार मानून घरी येते.

शाळेचं नाव मी छापत नाही. भिऊन नव्हे. एकीचं नाव छापलं की बाकीच्या सगळ्या नामानिराळ्या होतात आणि आपण त्या एकीच्या दारात घोषणा देऊन मोकळे होतो.

हिशोब अगदी सोपा आहे, पाचवीतल्या अपूर्णांकांचा. समजा नववीत साठ पोरं. त्यातली बारा कच्ची. बारांना दाखले दिले, काहींना नववीतच दुसऱ्यांदा बसवलं. दहावीला बसली अठ्ठेचाळीस, पास झाली अठ्ठेचाळीस. फ्लेक्स छापा. बारा पोरं ना अंशात, ना छेदात. बोर्डसुद्धा नियमित विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा काढतं आणि सतरा नंबरवाल्या खासगी विद्यार्थ्यांचा वेगळा. 2025 च्या मे महिन्यात दहावीचा निकाल 94.10 टक्के आणि नाशिक विभागाचा 93.04 टक्के म्हणून जाहीर झाला, तो नियमितांचा. पेपरात मथळा त्याचाच.

सतरा नंबरचा फॉर्म मुळात वाईट नाही. शाळा सुटलेल्या कामगाराला, लग्न झालेल्या पोरीला पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून ती वाट आहे. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं त्या वाटेनं पुढं गेली. पण जी वाट बाहेरच्याला आत आणायला बांधली, तीच आता आतल्याला बाहेर काढायला वापरतात.

आणि हे नववीतच का घडतं? शिक्षणहक्काचा कायदा 2010 साली लागू झाला, त्याचं छत्र आठवीपर्यंत. तोवर पोराला काढता येत नाही. नववीत छत्र संपलं की पोर उघड्यावर. शिवाय नववीची परीक्षा शाळेची, पेपर शाळेचा, तपासणार शाळा. बोर्डाचा त्यात हात नाही. आता तर महाराष्ट्रानं 2023 साली नियम बदलून पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरच्या परीक्षेत पुन्हा नापास करायची सोय केली. फेरपरीक्षा आहे म्हणतात. ठीक आहे. पण चाळण दहा वर्षांच्या पोराच्या गळ्यापर्यंत आली हे खरं.

गंमत अशी, की ही पोरं शाळेला हवीही असतात. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकांची पदं उडतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणून जूनमध्ये हेच सर लोक वस्तीत दारोदार फिरतात, पोरगं आमच्याकडं घाला म्हणतात. 30 सप्टेंबरच्या पटाला आमची पोरं चालतात. मार्चच्या निकालाला चालत नाहीत.

शिक्षकाला सरसकट शिवी घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. त्यातले कित्येक आपल्यातलेच आहेत, कर्ज काढून डीएड-बीएड झालेले. त्यांच्या मानेवर निकालाचा आकडा ठेवला आहे. शाळेची प्रतवारी एका आकड्यावर करा आणि बघा, माणसं तो आकडा कुठून ना कुठून आणतातच. शिकवून आणणं सगळ्यात कष्टाचं. वगळून आणणं सगळ्यात स्वस्त.

आकडा किती लवचिक असतो ते बोर्डानंच दाखवून दिलं आहे. 2018 चा दहावीचा निकाल 89.41 टक्के. 2019 ला भाषा आणि समाजशास्त्र या विषयांतले शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले, निकाल 77.10 वर आला. 2020 ला वीस गुण परत दिले, निकाल 95.30. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली काय? आणि 2021, कोरोनाचं वर्ष. शाळा बंद, परीक्षा रद्द, वस्तीत एका घरात एक मोबाईल आणि तोही बाप कामावर घेऊन जाणार. त्या वर्षीचा निकाल 99.95 टक्के. शाळेची दारं बंद असताना निकाल सगळ्यात उंच! अशा आकड्यावर शाळांची पत ठरवतात आणि आपण त्या फ्लेक्सखाली उभं राहून माना वर करून वाचतो.

ही युक्ती आजची नाही. विलायतेत 1862 साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं कायदा काढला : पोरं जेवढी पास, तेवढं अनुदान. इन्स्पेक्टर यायचा, वाचन-लेखन-गणित तपासायचा, नापासामागं पैसे कापायचा. मास्तरांनी पोरांकडून पुस्तकं घोकून घेतली आणि अनुदान घेतलं. तीच ‘निकाल तसा पैसा’ पद्धत आपल्या मुलखातही आली. आणि तिला तोंडावर नाही म्हणणारा माणूस आपला होता. 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचं जोतिराव फुल्यांचं हंटर आयोगापुढचं निवेदन काढून वाचा. जोतिबा स्वच्छ सांगतात, की गोरगरीब अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत कामाची नाही. निकालावर पोट भरायचं असेल तर कुठलाच मास्तर या लोकांत शाळा काढायला धजणार नाही, कारण त्याचं त्यात भागणार नाही. तिथं सरकारनं स्वतः शाळा काढाव्यात, जास्तीची मदत द्यावी. आपण जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि त्यांनी तेव्हा नाकारलेली पद्धत आपल्याच वस्तीत नवे कपडे घालून फिरते तिला ओळखत नाही.

अमेरिकेचंही ऐका. ज्या ब्लॅक पँथरांवरून 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या देशात शाळांना परीक्षेच्या निकालावरून दर्जा देतात. काही राज्यांत तर शाळेला पोरासारखी अ, ब, क, ड, फ अशी श्रेणी मिळते. अटलांटा शहरात बहुसंख्य पोरं काळ्यांची, गरिबांची. तिथला निकाल एकदम चढला, प्रमुख बाईंना देशपातळीवरचा सन्मान मिळाला. 2011 साली चौकशीत निघालं काय? 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांचा घोटाळ्यात हात. चुकीची उत्तरं खोडून बरोबर उत्तरं भरलेली. 2015 साली 11 जण दोषी ठरले. ते तुरुंगात गेले न गेले, पण ज्या काळ्या पोराला वाचता येत नव्हतं त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘येतं’ असं लिहिलं गेलं होतं. त्याला मदत कोण करणार? कागदावर तो अडलेलाच नव्हता.

मात्र तिकडं एक वाद रंगला, तो आपल्या उपयोगाचा आहे. तो म्हणजे, पोर कुठं पोचलं एवढंच मोजायचं, की कुठून निघून कुठं पोचलं हेही मोजायचं? पहिल्याला संपादणूक म्हणा, दुसऱ्याला प्रगती. नव्वद टक्केवालं पोर शिकवणीच्या जोरावर ब्याण्णववर गेलं, त्यात शाळेनं काय केलं? आणि पाचवीत आलं तेव्हा जोडाक्षर वाचता येत नसलेलं, पहाटे आईबरोबर भाजीबाजारात बसणारं पोर दहावीला पंचेचाळीस टक्क्यांनी सुटलं, त्यात शाळेनं काय केलं? दुसऱ्या शाळेचा फ्लेक्स लागत नाही. 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांचे गुण किती होते ठाऊक आहे? 750 पैकी 282. टक्केवारीत 37.6. आजच्या शंभर टक्केवाल्या शाळेनं त्या पोराच्या बापाला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, आणि सतरा नंबरचा फॉर्म हातात ठेवला असता.

आपल्याकडं कागदावर सगळं आहे हो. 2015 साली ‘शाळासिद्धी’ आली. 7 क्षेत्रं, 46 मानकं. त्यात विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक आणि विकास असं अख्खं एक क्षेत्र, समावेशनाचं आणखी एक. वाचून बरं वाटतं. पण फॉर्म भरायचा शाळेनं, स्वतःबद्दल. आणि त्याच्या श्रेणीचा फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही. बाजारात चालतो तो दहावीचा टक्काच.

परवा अभ्यासवर्गात एका कार्यकर्त्यानं मला खडसावलं. “म्हणजे आपल्या पोरांकडून गुणवत्ता मागायचीच नाही का? पंचेचाळीसवर टाळ्या वाजवायच्या?” बरोबर बोलला. प्रगती मोजायच्या नावाखाली ‘यांच्याकडून एवढंच व्हायचं’ म्हणून कमी शिकवणारेही निघतील. निघालेच आहेत. अ तुकडीला गणिताचे चांगले सर आणि ड तुकडीला ‘वह्या पूर्ण करा’ म्हणणारे सर, हे मी स्वतः ड तुकडीत बसून पाहिलं आहे. मला गणित पूर्ण हवं आहे, पूर्ण मार्क हवे आहेत. फक्त ते मोजताना पोरगं वर्गात पाहिजे. आणि जी शाळा निकालात मागं राहते तिला शिक्षा नको. तिला आधी दोन शिक्षक जास्त द्या. जोतिबांनी हेच मागितलं होतं.

2 मार्च 1930 ला याच गावात काळारामाच्या बंद दारापुढं आपली माणसं बसली. आज शाळेचं पुढचं दार उघडं आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत. मागच्या दारानं किती पोरं बाहेर पडतात याची कुणी नोंद ठेवत नाही. ती आपण ठेवू. अनुदान घेणाऱ्या शाळेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं एक प्रत टाका. विचारायचं एवढंच : पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती होते, त्यांतले किती याच शाळेतून दहावीला बसले, मधल्या वर्षांत दाखले किती दिले, नववीत किती थांबवले, आणि यांत अनुसूचित जाती-जमातीचे किती. कुणाचंही नाव मागू नका, फक्त संख्या. पेठ-सुरगाण्याहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या पोरांची संख्याही विसरू नका. त्यांच्या वतीनं शाळेत भांडायला मामा येत नाही. अर्जाचा नमुना मी लिहून ठेवला आहे, ज्याला हवा त्यानं घेऊन जावा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

पहिला अर्ज भाच्याच्या शाळेत टाकायचा म्हणून लिहून ठेवलाय. दाखला आम्ही काढलेला नाही. दोनदा जाऊन बसलो, तिसऱ्यांदा चार कार्यकर्ते बरोबर नेले, तेव्हा सर म्हणाले, बसवू दहावीला. पोरगं आता माझ्याकडं रोज रात्री गणित घेऊन बसतं. त्रिकोणमितीत ते अडतं, मीही अडतो. अर्ज मात्र अजून खिशातच आहे. काल बहिणीनं विचारलं, “दादा, तू कागद टाकलास तर पोराच्या वीस मार्कांवर राग नाही ना काढायचे?”

तिला काय सांगायचं, ते रविवारी बसून ठरवू. या.